प्रोग्रेस बार संपेपर्यंत

“मॅडम, ह्यांना कॉम्प्युटरचं व्यसन लागलंय का, तेवढंच मला सांगा,” असे म्हणत समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या त्या बाईंनी पिशवीतून दोनशे पानी वही काढून माझ्यासमोर ठेवली. वहीत सात आठवड्यांच्या नोंदी होत्या: यजमान बँकेतून किती वाजता आले, बाल्कनी बंद करून केलेल्या छोट्या खोलीत किती वाजता गेले आणि दार किती वाजता उघडले. बेरीजही त्यांनीच केलेली होती आणि ती आठवड्याला साधारण २५ तास भरत होती. काही नोंदींपुढे ‘एक मिनिट म्हणाले’ असे लिहून शेजारी ४०, ५५, एकदा तर ११० असा मिनिटांचा आकडा टाकलेला होता. पंचवीस तासांच्या बेरजेपेक्षा मला ह्या नोंदी अधिक बोलक्या वाटल्या, पण त्या दिवशी मी तसे बोलून दाखवले नाही.

हा अनुभव दोघांच्या संमतीने लिहीत आहे आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. यजमान पन्नाशी ओलांडलेले, पुण्यातल्या एका सहकारी बँकेत नोकरीला. बाई घरी शिवणकाम करणाऱ्या. मोठा मुलगा नोकरीनिमित्त बंगळूरला आणि धाकटी मुलगी बारावीत. यजमानांचा छंद जुने संगणक दुरुस्त करून पुन्हा चालते करण्याचा. तपकीर गल्लीतून आणि जुन्या बाजारातून आणलेले मदरबोर्ड, कीबोर्ड, फ्लॉपी ड्राइव्ह, जाड काचेचे जडशीळ मॉनिटर असा सगळा पसारा त्या आठ बाय पाच फुटांच्या खोलीत रचलेला होता. गेल्या वर्षभरापासून त्या खोलीला कुलूप होते. कुलपाविषयी सांगताना बाईंचा आवाज आपोआप खाली आला आणि त्यांनी विचारले, “आपल्याच घरातल्या खोलीला कोणी कुलूप लावतं का?”

व्यसनाचा हा प्रश्न माझ्याकडे निरनिराळ्या रूपांत येतो; कधी मुलाच्या मोबाइलविषयी असतो, कधी सुनेच्या मालिकांविषयी आणि बऱ्याचदा नवऱ्याच्या संगणकाविषयी. त्यावर माझे म्हणणे असे की, केवळ तास मोजून व्यसन ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीला मे २०१९ मध्ये मंजुरी मिळाली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती अमलात आली. त्यात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा, म्हणजे व्हिडिओ गेमच्या व्यसनाचा, समावेश आहे, मात्र संगणकापुढे बसण्याला सरसकट आजार म्हटलेले नाही. खेळाच्या बाबतीतही तिथे तीन गोष्टी पाहिल्या जातात: खेळण्यावर स्वतःचा ताबा राहिलेला नाही, जगण्यातल्या इतर सगळ्या गोष्टी खेळापुढे मागे पडत चालल्या आहेत आणि नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही खेळणे चालूच आहे किंवा वाढत आहे. हे सारे साधारणपणे किमान १२ महिने चाललेले असावे आणि त्यामुळे घर, शिक्षण किंवा नोकरी यांना ठळक बाधा पोहोचलेली असावी, अशी अपेक्षा असते. जुने संगणक दुरुस्त करणे हा काही खेळ नव्हे, पण चौकशीसाठी हीच चौकट मला उपयोगी पडते.

म्हणून मी बाईंना एकेक प्रश्न विचारत गेले. झोप? रात्री बाराला झोपतात, सहाला उठतात. नोकरी? विनाकारण रजा नाही. पैसा? महिन्याला हजार-दीड हजार, तेही हिशेब लिहून. उसनवारी, कर्ज, खोटे बोलणे, जेवण टाळणे? नाही. मध्येच हाक मारली तर चिडतात का? यावर त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “चिडले असते तर बरं झालं असतं, मॅडम. निदान बोलले असते.”

ज्यांच्या घरी ह्या प्रश्नांची उत्तरे याच्या उलट येतात, म्हणजे झोप तुटलेली आहे, कामावरच्या दांड्या वाढल्या आहेत, लपवून पैसे जात आहेत, हात धरून उठवले तर आदळआपट होते, त्यांनी वही लिहीत बसू नये; मानसोपचारतज्ज्ञाची भेट घ्यावी. बंगळूरच्या निम्हान्स ह्या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून स्वतंत्र क्लिनिक चालते आणि केंद्र सरकारच्या टेली-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. ह्या घरात मात्र मला व्यसनाची लक्षणे दिसत नव्हती आणि मी ते बाईंना स्पष्ट सांगितले. त्यांना हायसे वाटेल अशी माझी कल्पना होती. तसे झाले नाही. त्या अधिकच अस्वस्थ झाल्या, कारण आजार नसेल तर मग नवरा रोज उठून त्या खोलीत जातो तो आपल्या मर्जीने जातो, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला.

पुढच्या आठवड्यात यजमान आले. पहिली दहा मिनिटे ‘हो’, ‘नाही’ आणि ‘तसं काही नाही’ यांतच गेली. सध्या काय दुरुस्त करता आहात, असे विचारल्यावर मात्र ते खुर्चीत पुढे सरकले. ४८६ ह्या जुन्या जातीच्या संगणकाच्या मदरबोर्डावर निकेल-कॅडमियमची लहानशी बॅटरी असते, ती वर्षानुवर्षे पडून राहिली की गळते आणि आतला क्षार बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. मग ती बॅटरी काढायची, तो भाग व्हिनेगरने पुसून स्वच्छ करायचा, कोणती रेष तुटली आहे ते मीटर लावून शोधायचे आणि केसासारख्या बारीक तारेने ती डाग देऊन, म्हणजे सोल्डरिंग करून, जोडायची, असे ते वीस-पंचवीस मिनिटे तपशिलाने सांगत होते. स्वयंपाकघरातले व्हिनेगर कुठे जाते ह्याचा उलगडा मला त्यातून झाला. माझे स्वतःचे ज्ञान प्रिंटरमध्ये कागद घालण्यापलीकडे जात नाही. पण इतक्या चिकाटीने तुटलेली रेष शोधणाऱ्या माणसाला दार उघडून बाहेर येण्याचा कंटाळा असेल, हे काही मला पटेना.

म्हणून मी वहीतल्या त्या ११० मिनिटांविषयी विचारले. त्या रात्री ते एका जुन्या डिस्कवरचा मजकूर नव्या डिस्कवर उतरवत होते. एक टेराबाइटची डिस्क सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या वेगाने उतरली तरी पावणेतीन तास लागतात आणि डिस्क आजारी असेल तर कितीही वेळ लागू शकतो, असे त्यांनी मला समजावून सांगितले.

“त्या वेळात तुम्हाला काय करावं लागतं?”

“काही नाही. पडद्यावर प्रोग्रेस बार, किती काम झालं ते दाखवणारी पट्टी, पुढे सरकत असते.”

“मग तिथे बसून राहावं लागतं का?”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “नाही.”

बसून राहण्याचे कारण त्या दिवशी निघाले नाही, तिसऱ्या भेटीत निघाले. १९८४ साली बँकांच्या संगणकीकरणाविषयीच्या रंगराजन समितीचा अहवाल आल्यानंतर बँकांच्या शाखांत लेजर पोस्टिंगची, म्हणजे खातेवहीतल्या नोंदी करणारी, यंत्रे यायला सुरुवात झाली. आमच्या ह्या गृहस्थांच्या बँकेत ती आली तेव्हा नव्वदचे दशक उजाडले होते. नुकतेच लागलेले हे कारकून त्या यंत्रापाशी रमले. फॉक्सप्रो ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून त्यांनी शाखेसाठी व्याजाच्या हिशेबाचे छोटे प्रोग्रॅम लिहिले. रात्री ताळा जुळला नाही की त्यांनाच बोलावणे यायचे, ३१ मार्चला त्यांच्याशिवाय पान हलत नसे आणि ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री, वर्ष बदलताना यंत्रे गोंधळतील ह्या धास्तीने, ते पहाटेपर्यंत शाखेत बसून होते. पुढे कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखा एकाच मध्यवर्ती प्रणालीला जोडणारी व्यवस्था, आली, सगळा कारभार एका बाहेरच्या कंपनीच्या डेटा सेंटरकडे गेला आणि शाखेत बिघाड झाला तर तक्रार नोंदवून क्रमांक मिळण्याची वाट पाहणे एवढेच उरले. त्यांना मुदतठेवींच्या नूतनीकरणाच्या टेबलावर बसवण्यात आले. तीन वर्षांपूर्वी एक संगणक अडला म्हणून ते सवयीने उठून गेले, तेव्हा कंपनीच्या तरुण मुलाने अगदी आदराने सांगितले, “काका, तुम्ही हात लावू नका.”

हे त्यांनी घरी कधी सांगितले नव्हते. का नाही, असे विचारल्यावर म्हणाले, “काय सांगायचं? पगार तर तेवढाच येतो.”

घरातली ती खोली म्हणजे हात लावण्याची मुभा असलेली जागा होती, हे आता मला कळत होते. मात्र इथेच थांबून ‘बिचारे गृहस्थ’ असा निष्कर्ष काढणे मला योग्य वाटत नाही, कारण दाराच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या बाईंनी तीन वर्षे एकटीने जेवणाची पाने घेऊन ठेवली होती आणि मुलीच्या प्रवेशपरीक्षांचे अर्ज एकटीने भरून घेतले होते. दुःख खरे असले म्हणून त्याची किंमत दुसऱ्याने चुकवत राहावी असे होत नाही, आणि हे मी यजमानांना सांगितलेही. त्यांना ते आवडले नाही. पुढची भेट त्यांनी एकदा पुढे ढकलली.

चौथ्या भेटीला दोघे एकत्र आले आणि कुलपाचा विषय मीच काढला. झाले होते असे की, मागच्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत बाईंनी संगणकाचे ‘बंद पडलेले’ दोन डबे भंगारवाल्याला देऊन टाकले होते. त्यांतल्या एका डब्यातल्या हार्ड डिस्कवर शाखेसाठी लिहिलेले ते जुने प्रोग्रॅम होते आणि ती डिस्क वाचता यावी म्हणून यजमान आठ महिने खटपट करत होते. संध्याकाळी घरी आल्यावर ते एक शब्दही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कुलूप आणून लावले.

“अहो, मला सांगायचं तरी,” बाई म्हणाल्या. “मला वाटलं, आत काहीतरी लपवण्यासारखं आहे.”

“अगं, सांगून ती परत आली असती का?”

“किलोवर गेलं सगळं. एकशे चाळीस रुपये आले होते,” असे म्हणून त्या बराच वेळ वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिल्या. कुलूप लावणाऱ्याला ते भंगारवाल्यासाठी आहे असे वाटत होते आणि पाहणाऱ्याला ते आपल्यासाठी आहे असे वाटत होते. वर्षभर दोघेही आपापल्या अर्थाने त्या कुलपाकडे पाहत राहिले. बँकेतली ती ‘हात लावू नका’ची गोष्टही यजमानांनी त्याच भेटीत, माझ्याकडे पाहत, पण बायकोला ऐकू जाईल अशी सांगितली. ऑफिसच्या गमती सांगणे त्यांनी केव्हा बंद केले ते बाईंना नेमके आठवत होते. फक्त त्या गमती आता खोलीतल्या यंत्रांना सांगितल्या जातात, अशी त्यांची समजूत होती.

उपाय म्हणून जे ठरले त्यातला बराच भाग खुद्द यजमानांच्या छंदातूनच आला. ‘रोज फक्त एक तास’ अशी अट मी घालत नाही. डाग देताना मध्येच उठलेला माणूस काम बिघडवतो आणि चिडचिड घेऊन जेवायला येतो. त्याऐवजी प्रत्येक कामाला थांबण्याजोगी जागा कुठे येते हे मी त्यांना विचारले, तेव्हा त्यांनी कागद घेऊन झरझर लिहून दिले: डाग देणे मध्ये सोडता येत नाही, पण ते वीस मिनिटांत संपते, एखादी प्रणाली बसवताना तीन-चार ठिकाणी थांबता येते, डिस्क उतरवणे एकदा सुरू केले की माणसाची गरजच नसते. तेव्हा खोलीत जाण्यापूर्वी आज काय करणार आणि कुठे थांबणार हे त्यांनी सांगून जायचे, ‘एक मिनिट’ हा शब्द घरातून हद्दपार करायचा आणि प्रोग्रेस बार चालू असताना बाहेर येऊन बसायचे, असे ठरले. बाईंनी वही बंद करायची होती. त्यांनी ती लगेच केली नाही, आणखी दोन आठवडे चालू ठेवली. पडताळून पाहण्याचा तेवढा हक्क त्यांना होता असे मला वाटते.

कुलपाची दुसरी किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर आली. टाकायच्या वस्तूंसाठी एक खोके ठरले, ते यजमानांनीच भरायचे आणि भंगारवाल्याऐवजी नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रावर द्यायचे. हा मुद्दा त्यांनी जरा जास्तच लांबवला आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांविषयी मला बरेच ऐकवले. तयार झालेले संगणक एखाद्या शाळेला द्यावेत, अशी सूचना मी केली, तेव्हा ते हसून म्हणाले, “मॅडम, आजच्या मुलांना ४८६ देणं म्हणजे शाळेची थट्टा करणं आहे.” ती सूचना मी मागे घेतली.

बँकेतले टेबल बदललेले नाही, निवृत्तीला अजून पाच वर्षे आहेत, आणि त्याविषयी माझ्याकडे उपाय नव्हता. फक्त आता संध्याकाळी ठेवींच्या टेबलावरच्या गोष्टी घरी येतात, असे बाईंनी तीन महिन्यांनी भेटल्यावर सांगितले. त्याच भेटीत त्यांनी नवी तक्रारही आणली होती: घरातले फोटो साठवण्यासाठी एक जुना संगणक रात्रंदिवस चालू असतो. यजमानांनी तिथल्या तिथे हिशेब मांडला. शंभर वॅटचे यंत्र चोवीस तास चालले तर दिवसाला २.४ आणि महिन्याला ७२ युनिट वीज खाते. त्याऐवजी पाच वॅटवर चालणारा तळहाताएवढा रास्पबेरी पाय नावाचा संगणक घेतला तर महिन्याला ३.६ युनिटमध्ये तेच काम होईल.

“म्हणजे आणखी एक कॉम्प्युटर घ्यायचा,” बाई म्हणाल्या.

दोघांनीही माझ्याकडे पाहिले. हा प्रश्न समुपदेशनाचा नाही, तो तुम्ही घरी वीजबिल समोर ठेवून सोडवा, असे मी त्यांना सांगितले. आणि जिना उतरतानाही त्यांचा वाद चालूच असल्याचे मला वर ऐकू येत होते.