अंतराळवीर, वीरांगना आणि आपला नाखवा

प्रश्न गिरगावातल्या एका बाईंचा आहे. नासाने आर्टेमिस-२ या चांद्रमोहिमेसाठी निवडलेल्या चौघांत एक स्त्री आहे, क्रिस्टिना कुक. बातम्यांत त्यांना कधी 'अंतराळवीर' म्हणतात, कधी 'अंतराळवीरांगना'. बरोबर काय?

अंतराळवीर. 'वीरांगना' कृपा करून नको. बाई मंत्री झाली की आपण मंत्रीच म्हणतो, वकील झाली की वकीलच. मग चंद्राकडे निघालेल्या बाईलाच हे जादा शेपूट कशाला? त्यात 'वी'ची वेलांटी जाऊन काना आला की त्याचं 'वारांगना' होतं. एका वाहिनीच्या पडद्याखालच्या पट्टीत मी ते स्वतः वाचलं आहे आणि संताप अजून उतरलेला नाही. आडनावाचा उच्चारही 'कुक' आहे. स्पेलिंग पाहून 'कोच' म्हणणाऱ्यांनी तो एकदा ऐकावा.

खरं तर मला मुळातला 'वीर'च खुपतो. वैदिक संस्कृतात 'वीर' म्हणजे आधी पुरुष, मर्द. लॅटिनमधला 'विर' हा त्याचा सख्खा भाऊ, त्याचाही अर्थ पुरुषच. म्हणजे शब्दाच्या मुळाशी गेलं तर कुकबाईंना आपण 'अंतराळपुरुष' म्हणतो आहोत. बरं, या बाई विद्युत अभियंता. २०१९-२० मध्ये सलग ३२८ दिवस त्या अंतराळ स्थानकात राहून, काम करून आल्या. त्या कामाचा या शब्दात मागमूस नाही.

मूळ शब्दात मात्र काम आहे. 'ॲस्ट्रोनॉट' हा ग्रीक घडणीचा शब्द: 'ॲस्ट्रॉन' म्हणजे तारा आणि 'नाउटीस' म्हणजे खलाशी. ताऱ्यांमधला खलाशी! रशियाने 'कॉस्मोनॉट' केला, त्यातही खलाशी तोच. दोन्ही देश आभाळात एकमेकांवर कुरघोडी करत होते, पण जहाजावरचा माणूस कोणीच सोडला नाही. हा 'नाउटीस' ज्या 'नाउस'पासून आला तो ग्रीक शब्द म्हणजे जहाज, आणि तोच आपला संस्कृत 'नौ'. नाव, नाविक, नौका, नौदल ही सगळी त्याचीच पिलावळ.

आता मुंबईत या. काही वर्षांपूर्वी वरळी कोळीवाड्यात जाळं सांधत बसलेल्या एका आजोबांना मी विचारलं होतं, नाखवा नेमका कोण? निळ्या दोऱ्यातली सुई न थांबवता ते म्हणाले, "ज्याची होरी तो नाखवा. सुकाणावर बसतो तो तांडेल. बाकी खलाशी."

हा 'नाखवा' फारसी 'नाखुदा'पासून आला आणि नाखुदा म्हणजे मुळात 'नाव-खुदा', नावेचा धनी. पहिल्या पदातला 'व' फारसीतच गळला. आपल्याकडे येताना 'द' गेला, 'उ'चा 'व' झाला आणि उरला नाखवा. पण त्याच्या पहिल्या अक्षरात अजून तीच 'नाव' आहे, जी ॲस्ट्रोनॉटच्या 'नॉट'मध्ये आहे. ह्यूस्टनचा ॲस्ट्रोनॉट आणि वरळीचा नाखवा एकाच मुळाचे! हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

दादरच्या एका व्याख्यानात एका विद्वानांनी सांगितलं की नाखुदा म्हणजे 'ना-खुदा', ज्याला देव नाही तो; समुद्रावर देवही वाली नसतो म्हणून. टाळ्या पडल्या. व्युत्पत्ती साफ चूक आहे. इथे 'खुदा' म्हणजे देव नव्हेच, मालक, धनी. नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय समुद्रात नाव न घालणाऱ्या माणसाला निरीश्वर ठरवण्याआधी निदान कोळीवाड्यात एक फेरी मारायची होती. दुसरे शुद्धिवादी. त्यांना नाखवा फारसी म्हणून नको, 'नौपती' हवा. अहो, फारसी 'नाव' आणि मराठी 'नाव' या बहिणी आहेत. बहिणीला परकी ठरवून काय मिळवणार?

या 'नाउस'चं आणखी एक अपत्य म्हणजे 'नॉशिया', मळमळ. मूळ अर्थ जहाजावर होणारी मळमळ. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने कोकणात गेलेली माणसं म्हणत, "मला बोट लागते." अंतराळात गेल्यावर पहिले एक-दोन दिवस बऱ्याच जणांना हाच त्रास होतो, तिथे कानातल्या तोलाच्या यंत्रणेला वर-खाली कळेनासं होतं. म्हणजे त्यांना यान लागतं. मराठीत हे क्रियापद तयारच आहे, फक्त वापरायचं.

चौघांची नावं ३ एप्रिल २०२३ला ह्यूस्टनमध्ये जाहीर झाली. कमांडर रीड वाइजमन आणि पायलट व्हिक्टर ग्लोव्हर, दोघेही अमेरिकी नौदलाचे वैमानिक. नौदलाचे! तिसऱ्या कुकबाई, चौथे कॅनडाच्या हवाई दलाचे जेरेमी हॅन्सन. मोहिमेत चंद्रावर उतरायचं नव्हतं, त्याला वळसा घालून परत यायचं होतं, आणि परतीचा मुक्काम प्रशांत महासागरात. पाण्यातून काढून घ्यायला पुन्हा नौदलच. शिवाय ज्या चंद्राला हा वळसा, त्याच्याच तिथी मोजून आपला तांडेल उधाण, म्हणजे मोठी भरती, कधी आणि भांग, म्हणजे कमी जोराची भरती, कधी ते सांगतो.

यान नासाचं, तेव्हा आजोबांच्या हिशेबाने नाखवा नासाच. ग्लोव्हर तांडेल म्हणायला हरकत नाही. वाइजमनना काय म्हणायचं यावर मी अजून अडलो आहे, कारण हुकूम त्यांचा पण होरी त्यांची नाही.

हां, गिरगावच्या बाईंचा प्रश्न राहिला. छापायचं असेल तर 'अंतराळवीर' लिहा, तो रुळला आहे. घरी मुलांना सांगताना मात्र चार खलाशी म्हणा. तो खलाशी, ती खलाशी. शब्दाला काही जोडावं लागत नाही.