सोलापुरात टारझनप्रेमींचे वाचक मंडळ काढून बरोजच्या कादंबऱ्यांचे मराठी अनुवाद छापायचे असतील, तर परवानगी लागेल का?

बहुतेक कादंबऱ्यांसाठी लागणार नाही. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. एडगर राइस बरोज 1950 साली वारले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य 2011 पासून येथे सर्वांना खुले आहे. ऑक्टोबर 1912 च्या 'ऑल-स्टोरी' मासिकाच्या एकाच अंकात संपूर्ण छापून आलेली पहिली टारझनकथा त्यातच येते, आणि सुरुवात तिच्यापासूनच करावी, कारण नंतरच्या भागांत तोच साचा फार वेळा फिरतो. मरणोत्तर प्रकाशित पुस्तकांची मुदत मात्र प्रकाशनापासून मोजली जाते, म्हणून 1967 च्या 'आय अ‍ॅम अ बार्बेरियन'ला तूर्त हात लावू नये.

एखाद्या वाचनालयात जुने मराठी रूपांतर सापडले, तर ते तसेच छापता येईलच असे नाही, कारण अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो. टारझनसोबत मराठी रहस्यकथाकार बाबुराव अर्णाळकरांच्या झुंजारकथाही छापायच्या झाल्या, तर त्यांचे निधन 1996 चे असल्याने, त्यांच्या वारसांची किंवा हक्कधारकांची लेखी संमती हवीच.

खरी अडचण नावाची आहे. बरोज यांनी 1923 साली स्वतःची कंपनी स्थापली, ती 'टारझन' या नावावर व्यापारचिन्हाचा हक्क सांगते आणि तो कसोशीने जपते. त्यामुळे मंडळाच्या खर्चासाठी सोलापुरी टॉवेलांवर टारझन छापून विकण्याची कल्पना (ती कोणाला तरी सुचणारच) वकिलाला विचारल्याशिवाय अमलात आणू नये.