शाळा ठेवू की ॲप?

प्रश्न: मुलगा दहावीला आहे, मराठी मीडियम. यंदा एका ॲपची वर्षाची फी भरलीये. शाळेत झालेलाच धडा तो घरी परत व्हिडिओवर बघतो आणि म्हणतो झाला अभ्यास. चाचणीत मार्क जेमतेम. मिस्टर म्हणतात मोबाईल काढून घे, भाऊ म्हणतो शाळेत काय ठेवलंय, आता सगळं ऑनलाइनच. काय करू?
– एक आई, भांडुप

उत्तर: ताई, दोघांचंही ऐकू नका. दोन्ही ठेवा, पण कामं वाटून द्या, कारण आत्ता तुमचा मुलगा एकच गोष्ट दोनदा ऐकतोय आणि ओळखीचं वाटलं की आपल्याला येतं असं समजतोय. नुसतं परत वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिलं तर आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं, हे रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रयोग करून दाखवलंय.

क्रम उलटा करून बघा. समजा उद्या वर्गात भिंगं आहेत, तर आदल्या रात्री दहा-पंधरा मिनिटं व्हिडिओ, मग कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट (PhET) या आभासी प्रयोगांच्या साइटवर जायचं (फुकट आहे, मोबाईलवर चालतं), तिथे वस्तू बोटाने सरकवली की प्रतिमा कुठे जाते, कधी उलटी होते, कधी मोठी, हे डोळ्यासमोर दिसतं. फळ्यावर सरांनी काढलेली किरणाकृती हलत नाही ना, म्हणून पोरं ती पाठ करतात. जे कळलं नाही ते वहीत लिहून शाळेत न्यायचं आणि सरांना विचारायचं. व्हिडिओ सतरा वेळा मागे नेता येतो, पण तुझं नेमकं कुठे चुकतंय हे तो सांगत नाही, ते वही बघून सरच सांगणार. आणि खरं बहिर्वक्र भिंग हातात धरून समोरच्या भिंतीवर खिडकीची उलटी प्रतिमा पाडायची मजा शाळेच्या प्रयोगशाळेतच (तिथलं कुलूप उघडलं तर!).

भावाला एवढंच विचारा, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळं ऑनलाइनच होतं, तेव्हा किती पोरं कॅमेरा बंद करून झोपायची? पण पावसात लोकल बंद पडून शाळेला सुट्टी लागली की हाच मोबाईल कामाला येतो, म्हणून मिस्टरांनी तो काढून घेऊ नये, फक्त हॉलमध्ये सगळ्यांसमोर वापरायचा असं ठरवा.

आणि हो, पुढच्या वर्षी ॲप रिन्यू करायच्या आधी बालभारतीच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावरचा क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा ॲपने स्कॅन करून बघा, धड्यांचं बरंच साहित्य तिथे फुकट मिळतं. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या पालकांनी तो कोड कधी स्कॅनच केलेला नसतो.