बेसबॉलमध्ये मुरलेला खेळाडू देऊन मायनर लीगमधला (खालच्या, तयारीच्या स्तरावरचा) नवखा पोरगा का घेतात?

हिशेब साधा आहे. संघ स्पर्धेतून बाहेर पडलाय, ज्येष्ठ खेळाडूचा करार संपत आलाय. तो तसाही जाणार. मग जेतेपदाच्या मागे लागलेल्या संघाला तो देऊन टाकायचा आणि बदल्यात असा पोरगा घ्यायचा, जो मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च स्तरावर, आल्यावर साधारण सहा वर्षं तुमच्याच ताब्यात राहतो, तोही सुरुवातीला स्वस्तात.

१९८७ च्या ऑगस्टमध्ये अटलांटा ब्रेव्ह्जने ३६ वर्षांचा पिचर (चेंडू टाकणारा) डॉयल अलेक्झांडर डेट्रॉइट टायगर्सला दिला आणि विशीतला जॉन स्मोल्ट्झ घेतला. लोक आजही यात डेट्रॉइटला हसतात. मला ते पटत नाही. अलेक्झांडर उरलेल्या मोसमात ९-० (नऊ विजय, एकही पराभव नाही) राहिला आणि टायगर्सनी विभाग जिंकला. जे हवं होतं ते मिळालं की! (पुढे प्लेऑफमध्ये मिनेसोटाने त्याला दोनदा हरवलं, ते वेगळं.) स्मोल्ट्झ मात्र २१३ विजय आणि १५४ सेव्ह (शेवटी येऊन संघाची आघाडी राखणं) करून २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत, गेला. तो मूळचा मिशिगनचाच, म्हणजे डेट्रॉइटने घरचाच पोरगा घालवला.

पण असा स्मोल्ट्झ क्वचितच हाती लागतो. मायनर लीगमधली बहुतेक पोरं वरपर्यंत पोचतच नाहीत, म्हणून शहाणे संघ एकाऐवजी दोन-तीन मागून घेतात.