वाचकांचे प्रश्न : मुंडाशाआडचे पुरुष आणि तंबूच्या मालकिणी

गेल्या अंकात आम्ही नायजर देशातील आगादेझ या शहरावर एक सचित्र लेख छापला होता. मातीच्या विटांनी बांधलेल्या २७ मीटर उंचीच्या मशिदीच्या मनोऱ्यासमोर उभे असलेले, डोळ्यांखेरीज सारा चेहरा निळ्या कापडात गुंडाळलेले, सहारा वाळवंटातील तुआरेग समाजाचे दोन पुरुष आणि त्यांच्या शेजारी उघड्या चेहऱ्याने हसणारी एक स्त्री, हे त्यातील छायाचित्र वाचकांच्या चांगलेच लक्षात राहिलेले दिसते. कारण आलेल्या पत्रांपैकी बरीचशी त्या एका चित्राविषयीच आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : स्त्रियांचे चेहरे उघडे आणि पुरुषांचे झाकलेले, हा उलटा प्रकार कशामुळे? वाळूपासून बचाव एवढेच कारण आहे का? (एक वाचक, सातारा)

वाळू आणि ऊन यांपासून बचाव होतो हे खरेच आहे. पण कारण तेवढेच असते, तर त्याच वाऱ्यात शेळ्या राखणाऱ्या स्त्रियांनी आणि मुलांनीही तोंड बांधले असते, आणि पुरुषांनी तंबूत शिरताच ते सोडले असते. तसे होत नाही. ‘तागेलमुस्त’ नावाचे हे कापड चार-पाच मीटर, कधी त्याच्याही दुप्पट लांबीचे असते. ते डोक्याभोवती मुंडाशासारखे गुंडाळतात आणि त्याचा एक फेर नाकातोंडावरून घेतात. मुलगा वयात आला, साधारण अठरा वर्षांचा झाला, की ते त्याला पहिल्यांदा विधिपूर्वक बांधले जाते, आणि त्यानंतर चारचौघांत तोंड उघडे पडणे त्याला भर बाजारात धोतर सुटण्याइतके लाजिरवाणे वाटते. जेवतानाही तो चमचा कापडाच्या खालून तोंडाकडे नेतो.

पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे ते कापड कोणासमोर किती वर चढते ही. बरोबरीच्या मित्रांत ते हनुवटीपर्यंत सैलावते. वडीलधारे, परके किंवा सोयरे समोर आले की नाकाच्या शेंड्यावर जाते. आणि सासू समोर आली, तर डोळ्यांपुरती जेमतेम फट उरते. सासूचे नाव घ्यायचे नाही आणि तिच्यासमोर जेवायचे नाही, हा दंडक. या वागण्यामागे जी भावना आहे तिला तुआरेग लोक ‘तकराकित’ म्हणतात. लाज, भीड, अदब, मर्यादा हे आपले चारही शब्द त्या एका शब्दात थोडेथोडे बसतात. सासऱ्याची चाहूल लागताच डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेणारी सून ज्यांनी आपल्या घरी पाहिली आहे, त्यांना हा जावई समजायला अडचण पडू नये. रॉबर्ट मर्फी या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये या कापडावर एक निबंध लिहिला, आणि त्याचे म्हणणे असे की ज्या समाजात लग्ने जवळच्या नात्यातच होतात, तेथे समोरचा माणूस एकाच वेळी भाऊबंदही असतो आणि सोयराही, त्यामुळे कोणाशी किती मोकळेपणाने वागावे हा पेच सतत पडतो. अशा वेळी कापडाचा एक फेर ते अंतर न बोलता सांभाळतो. याखेरीज ‘केल एस्सुफ’, म्हणजे ओसाड रानात वावरणाऱ्या अदृश्य शक्ती, नाकातोंडावाटे शरीरात शिरतात अशीही समजूत आहे. ‘उलटा प्रकार’ हा शब्द मात्र आम्ही वापरणार नाही. अकराव्या शतकात मोरोक्कोपासून स्पेनपर्यंत राज्य उभारणाऱ्या अल्मोराविद घराण्याची वाळवंटातून आलेली माणसेही ‘तोंड झाकणारे’ म्हणूनच ओळखली जात होती.

प्रश्न : तुआरेग समाजात मातृसत्ता आहे असे वाचले. घर स्त्रीच्या मालकीचे असते, हे खरे का? (एक वाचिका, नागपूर)

घर स्त्रीचे असते हे खरे. ‘मातृसत्ता’ हा शब्द वापरायला मात्र आम्ही कचरतो, कारण टोळीचा प्रमुख, म्हणजे ‘अमेनोकाल’, पुरुषच असे आणि लढाया, तांडे, वाटाघाटी पुरुषांच्याच हाती असत. अल्जीरियातील अहग्गार भागात ही प्रमुखपदे आईच्या वंशाकडून येत, म्हणजे मामाकडून भाच्याकडे जात, आणि तेथील सरदार घराणी स्वतःला तिन हिनान या आदिमातेची लेकरे मानतात. अबालेस्सा येथे १९२५ मध्ये उघडलेल्या प्राचीन थडग्यातील स्त्रीचा सांगाडा तिचाच, असे तेथील परंपरा सांगते.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३५२ मध्ये आजच्या मॉरिटानियातील वलाता येथे पोहोचला, तेव्हा तेथील मसूफा या वाळवंटी टोळीत माणसाचा वारस त्याचा मुलगा नसून भाचा असतो, हे पाहून तो चकित झाला, आणि ही रीत आपण याआधी केवळ हिंदुस्थानातील मलबारात पाहिली, असे त्याने नोंदवून ठेवले. केरळातील मरुमक्कत्तायम, म्हणजे मामाचा वारसा भाच्याकडे जाण्याची पद्धत, ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही तुलना किती नेमकी होती हे कळेल.

आता तंबूविषयी. वधूची आई आणि तिच्या माहेरच्या बायका शेळीची कातडी शिवून किंवा ताडाच्या पानांच्या चटया विणून तंबू तयार करतात आणि तो लग्नात वधूला देतात. ‘लग्न करणे’ या अर्थी ‘तंबू उभारणे’ अशीच बोली आहे. तंबू, त्यातला नक्षीदार पलंग, भांडी, चटया हे सारे स्त्रीचे. काडीमोड झाला की ती तंबू उतरवून गाढवावर लादते आणि माहेरच्या वस्तीकडे निघते, आणि नवरा आपली तलवार व उंटाचे खोगीर घेऊन आईच्या तंबूच्या आश्रयाला जातो. स्त्रियांची स्वतःची जनावरे असतात, आणि काही घराण्यांत लेकीबाळींसाठी राखून ठेवलेली, मुलग्यांत वाटली न जाणारी मालमत्ता असते. तिला ‘जिवंत दूध’ असे सुंदर नाव आहे. एकतारी ‘इम्झाद’ वाजवण्याचा मानही स्त्रियांचाच, आणि २०१३ मध्ये युनेस्कोने त्या कलेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले.

पण हे चित्र जसेच्या तसे आज शोधायला गेलात, तर निराशा होईल. १९७३–७४ आणि १९८४–८५ च्या दुष्काळांत कळप मेले, आणि हजारो कुटुंबे आगादेझ, किदाल, तामनरासेत अशा शहरांच्या कडेला येऊन वसली. तेथे तंबूच्या जागी मातीच्या भिंती आल्या. भिंती पुरुष बांधतो, जागा त्याच्या नावावर होते, आणि काडीमोडानंतर घराबाहेर पडण्याची पाळी आता स्त्रीवर येते. भिंत गाढवावर लादता येत नाही.

प्रश्न : ‘तुआरेग’ या शब्दाचा अर्थ ‘देवाने टाकलेले’ असा आहे का? (एक वाचक, ठाणे)

ही व्युत्पत्ती लोकप्रिय आहे, परंतु भाषेचे अभ्यासक हे नाव लिबियातील फेझ्झान प्रदेशाच्या ‘तार्गा’ या जुन्या नावाशी जोडतात. शब्द काही झाले तरी बाहेरच्यांनी दिलेला आहे. हे लोक स्वतःला ‘केल तमाशेक’, म्हणजे तमाशेक भाषेचे लोक, किंवा ‘केल तागेलमुस्त’, म्हणजे तागेलमुस्तवाले, असे म्हणवतात. (तमाशेकचा आपल्या तमाशाशी काहीही संबंध नाही; एका पत्रात तशी शंका होती.) या भाषेला ‘तिफिनाघ’ नावाची स्वतःची लिपी आहे, आणि ती शाळेपेक्षा वाळूत बोटाने गिरवून, बहुधा आईकडून शिकली जाते. माली, नायजर, अल्जीरिया, लिबिया आणि बुर्किना फासो या देशांच्या सीमा फ्रेंचांच्या आणि इटालियनांच्या राजवटीत आखल्या गेल्या, आणि एकच भाषा बोलणारे लोक पाच पासपोर्टांत विभागले गेले. माली आणि नायजरमधील वारंवारच्या बंडांची, आणि ६ एप्रिल २०१२ रोजी उत्तर मालीत ‘अझवाद’ या स्वतंत्र राज्याच्या झालेल्या, पण कोणीही मान्य न केलेल्या घोषणेची, मुळे येथवर पोहोचतात.

प्रश्न : या समाजात जातीसारखे भेद आणि गुलामगिरी होती का? (एक वाचक, कोल्हापूर)

होती, आणि आमच्या लेखात तिचा उल्लेख राहून गेला, ही चूक मान्य आहे. उच्चकुलीन ‘इमाजेघेन’, त्यांना खंडणी देणारे ‘इम्घाद’, धर्मविद्या सांभाळणारे ‘इनेस्लेमेन’, धातू आणि लाकूड घडवणारे ‘इनादान’, आणि सर्वांत खाली ‘इक्लान’, म्हणजे गुलाम, अशी ही उतरंड होती. पर्यटन-पुस्तिकांना प्रिय असलेला ‘वाळवंटाचा राजपुत्र’ उंटावर बसू शकत होता, कारण पाणी शेंदणारे आणि जनावरे चारणारे हात दुसऱ्याचे होते.

इनादानांची जागा विशेष गुंतागुंतीची आहे. खोगीर, तलवार, चांदीचा आगादेझचा क्रूस हे सारे त्यांच्या हातचे. लग्नाची मध्यस्थी तेच करतात, वधूचे केस त्यांच्याच बायका विंचरतात. त्यांना तकराकित नाही असे मानले जाते, म्हणून ज्या गोष्टी सरदाराला जिभेवर आणता येत नाहीत, त्या लोहार सर्वांसमोर मोठ्याने बोलतो. त्याच्यावाचून चालत नाही, आणि त्याला बरोबरीचेही मानत नाहीत. बारा बलुतेदारांची ज्यांना माहिती आहे, त्यांना हा अनुभव अनोळखी वाटणार नाही.

गुलामगिरीचे म्हणाल, तर नायजरने २००३ मध्ये तिला फौजदारी गुन्हा ठरवले. तरीही बाराव्या वर्षी विकल्या गेलेल्या एका स्त्रीला पश्चिम आफ्रिकी देशांच्या सामाईक न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि २००८ मध्ये तिचे रक्षण न केल्याबद्दल न्यायालयाने नायजर सरकारला दोषी ठरवून भरपाई द्यायला लावली. गुलामांच्या वंशजांना माली आणि नायजरमध्ये ‘बेल्ला’ किंवा ‘बुझू’ म्हणतात. तेही तमाशेकच बोलतात, मुंडासेही तसेच बांधतात, आणि म्हणून ‘भाषेचे लोक’ या नावात आपणही आहोत, असा त्यांचा रास्त दावा आहे. पण कुळाचा प्रश्न निघाला, विशेषतः सोयरिकीचा, की दार लागते.

प्रश्न : चेहरा रंगवून नाचणारे पुरुषही तुआरेगच का? ती सौंदर्यस्पर्धा असते का? (एक वाचिका, पुणे)

नाही, ते वोडाबे, म्हणजे फुलानी समाजातील भटके गोपालक. फुलानी सेनेगलपासून चाडपर्यंत पसरले आहेत, त्यांत शहरी विद्वान आणि राजेही झाले, पण वोडाबे मात्र लांब शिंगांच्या गाई घेऊन फिरत राहिले. सुगीनंतर मोकळ्या शेतात ते कळप बसवतात, जमिनीला खत मिळते आणि गुरांना धाटे. आपल्याकडे धनगर शेतात मेंढरे बसवतात, तोच हा व्यवहार.

पावसाळा संपताना, सप्टेंबरच्या सुमारास, दोन कुळे एकत्र येतात आणि ‘गेरेवोल’ भरतो. तरुण तासन्‌तास चेहरा रंगवत बसतात. नाक सरळ आणि लांब दिसावे म्हणून त्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत फिकट रेघ ओढतात, ओठांना काळे लावतात, आणि ओळीत उभे राहून डोळे गरगरवतात, दात दाखवतात. कारण पांढऱ्याशुभ्र डोळ्यांना आणि दातांना त्यांच्याकडे मोठे मोल. निवड तरुण मुली करतात, त्याही नजर खाली ठेवून. स्पर्धा हा त्यातला वरचा थर झाला. मूळ मुद्दा लग्नाचा आहे: आईबापांनी बालपणीच आपल्याच कुळात ठरवलेले लग्न ‘कोबगल’, आणि परक्या कुळात मनाने जुळलेले ‘तेगल’. तेगलची वाट गेरेवोलमधून जाते. एरवी वर्षभर हेच लोक ‘मुन्याल’ म्हणजे सोसण्याची ताकद आणि ‘सेमतेंदे’ म्हणजे संकोच यांना माणुसकीची खूण मानतात. वोडाबे आई आपल्या थोरल्या अपत्याला नावाने हाकसुद्धा मारत नाही. नवऱ्याचे नाव उखाण्याखेरीज न घेणाऱ्या आज्या आठवाव्यात.

प्रश्न : इतके संकोच असताना ही माणसे हसतात तरी कोणाशी? (एक वाचक, पणजी)

प्रश्न थट्टेने विचारला असला, तरी त्याला पक्के उत्तर आहे. नायजरमध्ये काही समाजांची जोडी ‘थट्टेच्या नात्याची’ मानली जाते: फुलानी आणि कानुरी, झर्मा आणि तुआरेग. या जोडीतल्या अनोळखी माणसांनी भेटताच एकमेकांना ‘तू माझा गुलाम’ म्हणावे, खादाड म्हणावे, खिशातले पैसे मागावेत, आणि दुसऱ्याने रागावता कामा नये. एस. टी. स्टँडवर तंडणारे दोघे या नात्याची आठवण निघताच हसू लागतात. युनेस्कोने २०१४ मध्ये नायजरच्या या प्रथेची नोंद घेतली. मेहुण्याची किंवा मेहुणीची थट्टा हा आपल्याकडचा छोटा नमुना. तेथे तो अख्ख्या समाजांना लागू होतो. सासूसमोर तोंड झाकायचे आणि थट्टेच्या भावासमोर वाटेल ते बोलायचे, ही दोन टोके एकाच दोरीची आहेत, असे रॅडक्लिफ-ब्राउन या अभ्यासकाने १९४० मध्येच दाखवून दिले होते.

प्रश्न : मुंडाशाचा निळा रंग खरोखर अंगाला लागतो का? (एक विद्यार्थी, लातूर)

लागतो. उत्तम कापड नायजेरियातील कानो शहराच्या परिसरातून येते. हातमागावर विणलेल्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या एकमेकींना शिवून ते तयार होते, आणि मग त्यात नीळ लाकडी मोगरीने कुटून कुटून बसवतात, इतकी की कापड धातूसारखे चकाकू लागते. ती नीळ घामाबरोबर कपाळावर, गालांवर, हातांवर उतरते, आणि ‘निळे लोक’ हे नाव त्यावरूनच पडले. रोजच्या वापराला आता पांढरे, हिरवे किंवा काळे गिरणीचे पातळ कापड चालते. अंगाला रंग सोडणारे कापड महाग, म्हणून ते लग्नकार्यासाठी घडी घालून ठेवतात, आणि कोणाच्या गालावर निळी छटा दिसली, तर ती पुसून टाकण्याची त्याला मुळीच घाई नसते.