वाचकांचे प्रश्न : घरातले वायफाय नेमके कुठे अडते?

प्रश्न : आमचे वाईचे घर जुने, दगडी बांधणीचे आहे. फायबरची जोडणी ओसरीपर्यंत आली आणि राउटरही तिथेच बसवला. तिथे नेट उत्तम चालते; मात्र माजघरापलीकडच्या खोलीत रेंजच्या दोन-तीन रेघा दिसत असूनही व्हिडिओ कॉल सारखा तुटतो. कंपनीचा माणूस दोनदा येऊन ‘लाइन ठीक आहे’ असे सांगून गेला. रिपीटर घ्यावा काय? – एक निवृत्त शिक्षक, वाई

उत्तर : कंपनीच्या माणसावर आपला राग असणे स्वाभाविक आहे, पण तो बहुधा खरेच बोलत असावा. आपल्या लॅपटॉपपासून निघालेली माहिती दोन टप्पे ओलांडते : लॅपटॉप ते राउटर हा हवेतला टप्पा आणि राउटरपासून पुढे बाहेरचा टप्पा. कंपनी फक्त दुसरा टप्पा तपासते. कोणता टप्पा अडतो आहे हे ठरवल्याशिवाय कोणतीही वस्तू विकत घेऊ नये, आणि हे ठरवायला दहा मिनिटे पुरतात.

विंडोज लॅपटॉपवर ‘कमांड प्रॉम्प्ट’ ही आज्ञा टंकण्याची खिडकी उघडून (त्यातली अक्षरे आणि आकडे अर्थातच रोमन लिपीत टंकावे लागतात) ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी. ‘डिफॉल्ट गेटवे’ या नावासमोर जो पत्ता दिसतो तो आपल्या राउटरचा; अनेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. आता ‘पिंग’ लिहून पुढे हा पत्ता आणि शेवटी ‘-टी’ द्यावे, म्हणजे लॅपटॉप सेकंदा-सेकंदाला राउटरला हाक मारत राहील. दुसऱ्या खिडकीत हेच ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला करावे. दोन्ही खिडक्या चालू ठेवून नेहमीच्या खोलीतून कॉल लावावा. कॉल अडखळतो त्या क्षणी राउटरचीच उत्तरे ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ अशी येऊ लागली, किंवा एरवी दोन-चार मिलिसेकंदांत येणारे उत्तर शेकडो मिलिसेकंद घेऊ लागले, तर दोष घरातल्या हवेत आहे. राउटर तत्परतेने उत्तर देतो आणि फक्त बाहेरचा पत्ता गप्प होतो, असे असेल तर मात्र कंपनीला तिसऱ्यांदा बोलवावे आणि हा पडदा त्यांना दाखवावा. दोन्ही पत्ते उत्तर देत असूनही संकेतस्थळे उघडत नसतील, तर नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा अडली आहे, असे समजावे.

आपल्या वर्णनावरून मला पहिली शक्यता दाट वाटते. रेंजच्या रेघांवर विसंबू नये. त्या किती शक्तीला किती दाखवायच्या, हे प्रत्येक यंत्र आपापल्या मनाने ठरवते. त्याऐवजी मोबाइलवर वायफायची शक्ती मोजणारे एखादे मोफत ॲप घेऊन डीबीएम या एककातला आकडा पाहावा. तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ओसरीवर उणे ४० ते ५० दिसेल. निर्वेध व्हिडिओ कॉलसाठी साधारण उणे ६७ पर्यंतचा आकडा हवा. उणे ८० च्या खाली तग धरण्याची आशा नाही. हे मोजमाप लघुगणकी आहे, म्हणजे दर १० ने आकडा घसरला की शक्ती एक दशांश उरते. दोन जाड दगडी भिंतींमध्ये असे किती दशांश खर्ची पडतात, ते आपणच एकेक खोली ओलांडत पाहावे. लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी या तीन गोष्टी भिंतींच्या बरोबरीने रेंज खातात, त्यामुळे राउटर त्यांच्या आड नको. चपलांच्या कपाटात किंवा टीव्हीच्या पाठीमागे दडवलेले राउटर मी इतके पाहिले आहेत, की पहिला प्रश्न आता मी तोच विचारतो.

यानंतर पट्टा पाहावा. आजचे राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात. ५ चा पट्टा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हात टेकणारा, २.४ चा संथ, पण दूर पोचणारा. दोन्हींना एकच नाव दिलेले असले की लॅपटॉप कधी इकडे, कधी तिकडे उडी मारतो आणि त्या उडीत कॉल तुटू शकतो. तपासणीपुरती दोन्हींना वेगळी नावे देऊन पाहावीत. २.४ च्या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ चॅनेल असले तरी ते एकमेकांवर चढलेले आहेत : दोन चॅनेलांत अंतर ५ मेगाहर्ट्झचे आणि प्रत्येकाची रुंदी सुमारे २०. म्हणून १, ६ आणि ११ एवढेच तीन परस्परांना न छेदणारे ठरतात. शेजाऱ्यांचे राउटर या तिघांवर असताना आपण हुशारी करून ३ किंवा ४ निवडला, तर दोन्हीकडचा गोंगाट ओढवून घेतो. एकाच चॅनेलवरचे राउटर निदान एकमेकांचे ऐकून पाळी पाळतात. अर्धवट छेदणाऱ्या चॅनेलवरचा शेजारी मात्र नुसता कलकलाट ठरतो. वाईच्या वाड्यात ही अडचण कमी असेल, पुण्या-मुंबईच्या सोसायटीत ती पहिल्या क्रमांकाची असते.

आता रिपीटरविषयी. नको. अडणाऱ्या खोलीत लावलेला रिपीटर तिथे पोचलेली क्षीण रेंजच पुढे पाठवतो, आणि ऐकण्या-बोलण्यासाठी एकच पट्टा वापरणारा असेल तर वेगही जवळपास निम्मा करतो. त्यापेक्षा राउटरपासून तार ओढावी. कॅट ५ई किंवा कॅट ६ प्रकारची नेटवर्कची तार १०० मीटरपर्यंत एक गिगाबिटचा वेग विनातक्रार नेते. ती चौकटीच्या कडेने, विजेच्या तारांपासून वेगळ्या पट्टीतून आतल्या खोलीत न्यावी आणि तिथे दुसरा साधा राउटर जोडावा. दगडी भिंत फोडण्याचा उत्साह आवरावा. खिडकीचा कोपरा पुरतो. दुसरा राउटर कसा जोडावा, हे पुढच्या उत्तरात आले आहे.

प्रश्न : मी घरून हिशेबनिसाचे काम करते. इंटरनेट कंपनीने बसवलेल्या डब्याची (राउटरची) रेंज अपुरी म्हणून नवा राउटर आणून त्याला जोडला. नेट छान चालते, पण लॅपटॉपला प्रिंटर दिसेनासा झाला आहे. प्रिंटर बिघडला असेल का? – एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : प्रिंटर ठणठणीत असावा. आपल्या घरात नकळत दोन वेगळी नेटवर्क उभी राहिली आहेत. प्रिंटर अजून कंपनीच्या डब्याच्या वायफायवर आहे आणि लॅपटॉप नव्या राउटरच्या. लॅपटॉपचा पत्ता आणि प्रिंटरच्या पडद्यावर किंवा त्याच्या माहितीपानावर छापून येणारा पत्ता शेजारी मांडून पाहा. एक १९२.१६८.१ ने आणि दुसरा १९२.१६८.० ने सुरू होत असेल, तर निदान पक्के. प्रिंटर शोधण्यासाठी लॅपटॉप जी दवंडी पिटतो, ती नव्या राउटरच्या उंबरठ्यापलीकडे जात नाही.

नव्या राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडावा. काम तिथेच संपते. नसेल तर हाताने करावे लागते आणि त्यात क्रम महत्त्वाचा. आधी नव्या राउटरचा स्वतःचा पत्ता बदलून कंपनीच्या डब्याच्या मालिकेतला, पण इतर कुणाला न दिलेला ठेवावा, डबा १९२.१६८.१.१ असेल तर हा १९२.१६८.१.२. मग त्या नव्या पत्त्यावर पुन्हा शिरून, घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणारी त्याची डीएचसीपी सेवा बंद करावी. शेवटी तार त्याच्या वॅन (बाहेरून येणाऱ्या नेटच्या) खाचेतून काढून लॅन (घरातल्या यंत्रांच्या) खाचेत घालावी. वॅनची खाच रिकामीच राहते. डीएचसीपी बंद करायला विसरलात, तर एका घरात पत्ते वाटणारे दोन कारभारी होतात आणि आज चालणारे यंत्र उद्या अडते. उलट, कोणाकडूनच पत्ता मिळाला नाही तर विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता धारण करते. तो दिसला, की पासवर्ड पुन्हा पुन्हा टंकत बसू नये. राउटरकडून उत्तर का येत नाही, हे पाहावे.

तरीही प्रिंटर दिसला नाही तर आणखी दोन जागा तपासा. लॅपटॉप ‘गेस्ट’ वायफायवर नाही ना? ते पाहुण्यांना घरच्या यंत्रांपासून मुद्दाम वेगळे ठेवते. आणि नव्या राउटरवर सुरक्षेसाठी केवळ डब्ल्यूपीए३ ही नवी पद्धत निवडलेली नाही ना? अनेक जुने प्रिंटर फक्त २.४ चा पट्टा आणि डब्ल्यूपीए२ ओळखतात. त्यांच्यासाठी दोन्हींना मुभा देणारा मिश्र पर्याय ठेवावा. प्रिंटर सापडल्यावर कंपनीच्या डब्यात त्याचा पत्ता राखीव करून टाका, म्हणजे वीज जाऊन आल्यावर तो पत्ता बदलून पुन्हा हरवणार नाही.

प्रश्न : स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह लागला की माझा ऑनलाइन वर्ग गोठतो. आई म्हणते, हा अभ्यास टाळण्याचा बहाणा आहे. – एक विद्यार्थी, ठाणे

उत्तर : या बाबतीत आपली बाजू खरी आहे. घरगुती मायक्रोवेव्ह २,४५० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे वायफायच्या २.४ पट्ट्याच्या ऐन मध्यावर चालतो, आणि दाराच्या फटींतून निसटणारी त्याची किंचित शक्तीसुद्धा राउटरच्या क्षीण संदेशापुढे मोठी ठरते. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर नेऊन पाहा; तिथे ही ढवळाढवळ पोचत नाही. २.४ वरच राहावे लागत असेल आणि लॅपटॉपला चिकटवून ठेवलेली यूएसबी ३ ची हार्ड डिस्क असेल तर तीही हातभर लांब सरकवून पाहावी, कारण तिच्या तारेतून निघणारा गोंगाटही नेमका २.४ च्याच पट्ट्यात उमटतो. आईंना पुरावा हवा असेल, तर पहिल्या उत्तरातले राउटरचे पिंग लावून मायक्रोवेव्हमध्ये पेलाभर पाणी दोन मिनिटे तापवावे आणि पडद्यावरचे आकडे दोघांनी मिळून पाहावेत. रिकामा मायक्रोवेव्ह मात्र चालवू नये.