भाचा बारावी झालाय, गोंड आहे. गाव न सोडता त्याला करिअर करता येईल का?

येईल. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव बघून या. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक वनहक्क (जंगल सांभाळण्याचा आणि वापरण्याचा अख्ख्या गावाचा कायदेशीर हक्क) मिळाला, २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले, म्हणजे गाव स्वतः बांबू विकू लागलं. मग मोजणी, लिलावाचे कागद, हजेरीपट, जमाखर्च अशी कामं गावातच उभी राहिली. ती शिकायला तरुण हवेतच. तिथली अभ्यासगटाची रीत मला फार मोलाची वाटते: निर्णयाआधी सगळे मिळून विषय समजून घेतात. पोरांना हिशेब येतो, जाणत्यांना जंगल कळतं. भाच्याच्या गावाला वनहक्क मिळालाय का? असेल तर आधी ग्रामसभेत जाऊन विचारा, कुठल्या कामाला माणूस हवाय. प्रशिक्षण त्यानुसार निवडा.